ॲपची फी कुठून घ्यावी: स्टोअरमधून, बाहेरून की दोन्हीकडून?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले क्लासवाले आता स्वतःचं ॲप काढू लागलेत. कुणी कर्नाटक बोर्डाची दहावी मराठी माध्यमातून शिकवतं, कुणी अग्निवीर भरतीच्या सराव परीक्षा घेतं. ॲप तयार झालं की गाडी पैशांवर अडते. फी गुगल-ॲपलच्या स्टोअरमधून घ्यायची, स्टोअरच्या पेमेंटशेजारी आपला गेटवे (ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी सेवा) लावायचा, की पैसे बाहेर घेऊन ॲपमध्ये फक्त लॉगिन ठेवायचं?

माझं मत आधीच सांगतो. बाहेरून पैसे घ्यायची मुभा प्रत्येक ॲपवाल्याला असायलाच हवी. पण ‘दोन्ही पर्याय शेजारी शेजारी’ ही जी सोय गुगलने भारतात दिली, ती छोट्या क्लासच्या फारशी उपयोगाची नाही. खरी निवड उरते ती पूर्ण स्टोअर की पूर्ण बाहेर, एवढीच. आणि ती तुमचा विद्यार्थी कुठला आहे यावर ठरते.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. स्टोअरचं कमिशन फक्त डिजिटल मालावर लागतं. ॲपवरून कुंदा विकलात, छापील नोट्स घरपोच पाठवल्यात किंवा वर्गात बसून शिकवण्याची फी घेतलीत, तर स्टोअरचं पेमेंट लागू होत नाही. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, ऑनलाइन टेस्ट, महिन्याची मेंबरशिप याच गोष्टींचा हा वाद आहे.

दुसरं म्हणजे, बातम्यांत गाजणारे ३० टक्के आपल्याला लागत नाहीत. वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलर कमाईवर गुगल १५ टक्के घेतं. ॲपलच्या छोट्या व्यावसायिकांच्या योजनेतही दर १५ टक्केच आहे. दोन्हीकडे त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. १० लाख डॉलर म्हणजे आठ कोटींहून जास्त रुपये. सीमाभागातला कुठलाही क्लास या रेषेच्या खूप खाली आहे.

हिशेब मांडून बघू

समजा दहावीच्या वर्षभराच्या पॅकेजची किंमत १,२०० रुपये आहे आणि विद्यार्थी ३०० आहेत. तुमचा जीएसटी सध्या बाजूला ठेवू.

स्टोअरचंच पेमेंट वापरलंत तर एका विद्यार्थ्यामागे १८० रुपये जातात, वर्षाला ५४,००० रुपये.

दोन्ही पर्याय ठेवलेत आणि विद्यार्थ्याने तुमचा गेटवे निवडला, तर गुगलचं कमिशन चार टक्क्यांनी कमी होऊन ११ टक्के होतं, म्हणजे १३२ रुपये. पण गेटवेवाला साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतो. ते २८ रुपये ३२ पैसे. एकूण १६० रुपये ३२ पैसे. सगळ्या ३०० जणांनी तुमचाच गेटवे निवडला तरी वर्षाला ४८,०९६ रुपये जाणारच. वाचले ५,९०४ रुपये, आणि त्यासाठी ॲप बनवून देणाऱ्याकडून नवं काम करून घ्यायचं, प्रत्येक व्यवहार गुगलला कळवायचा, तक्रारीही आपणच बघायच्या. त्या कामाचं बिलच पाच-सहा हजारांच्या पुढे जाईल.

पैसे पूर्णपणे बाहेर, वेबसाइटवर गेटवेने घेतलेत तर जातात ८,४९६ रुपये. स्टोअरच्या तुलनेत ४५,५०४ रुपये हातात राहतात. क्लासच्या काउंटरवर बँकेचा क्यूआर लावून थेट यूपीआयने घेतलेत तर तेही वाचतात, कारण जानेवारी २०२० पासून यूपीआयवर एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क, शून्य आहे.

मला राग येतो तो इथेच. ज्या देशात यूपीआयने पैसे पाठवायला खर्च जवळजवळ नाही, तिथे पैसे आम्ही गोळा केले तरी ११ टक्के द्या, याला मुभा कसं म्हणायचं? कोगनोळीचा टोलनाका टाळून आडवाटेने कागल गाठलं, तरी टोलच्या बऱ्याचशा रकमेची पावती घरी यावी, तसं हे आहे. गुगल म्हणतं, की हे शुल्क पेमेंटचं नाही. स्टोअर चालवणं, सुरक्षा, अपडेट पोचवणं याचं आहे. त्यात तथ्य आहे. प्ले स्टोअर नसतं तर चंदगडच्या पोराला बेळगावचं ॲप सापडलंच नसतं. पण काउंटरवर नाव नोंदवून, क्लासच्या सांगण्यावरून ॲप उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला गुगलने शोधून आणलेलं नाही. त्याच्या फीवर आणि अनोळखी गिऱ्हाइकाच्या फीवर दर सारखाच, हे मला पटत नाही.

या चार टक्क्यांमागचा इतिहासही थोडक्यात बघा. ॲपमध्ये स्टोअरचंच पेमेंट वापरण्याच्या सक्तीला लगाम घालणारा कायदा सगळ्यात आधी दक्षिण कोरियाने २०२१ मध्ये केला. तिथेही गुगलने चारच टक्के सोडले. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या पेमेंट सक्तीबद्दल गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. अपिलात, मार्च २०२५ मध्ये, दंड २१६.६९ कोटींवर आला, पण गुगलने आपल्या ताकदीचा गैरवापर केला हा निष्कर्ष टिकला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मधल्या काळात, १ मार्च २०२४ ला, शुल्कावरून ‘भारत मॅट्रिमोनी’, ‘नोकरी’ यांसारखी ॲप स्टोअरवरून काढली गेली आणि सरकार मध्ये पडल्यावर परत आली. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर तीनशे विद्यार्थ्यांच्या क्लासने नियमाच्या कडेवरून चालू नये.

अमेरिकेत वारं वेगळं आहे. एपिक या गेम कंपनीच्या खटल्यात ॲपलला बाहेरची लिंक द्यावी लागली, तेव्हा ॲपलने त्या विक्रीवरही २७ टक्के लावले. ३० एप्रिल २०२५ ला न्यायाधीशांनी ते आदेशाचं उल्लंघन ठरवलं. पण तो निकाल अमेरिकेपुरता आहे, त्याच्या भरवशावर इथली फी ठरवू नका.

फोन मुलाकडे, पैसे वडिलांकडे

टक्क्यांपेक्षा मला ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दहावीचा मुलगा कणकुंबीला किंवा जांबोटीला. ॲप त्याच्या फोनवर, त्यात बँकेचं खातं नाही. यूपीआय वडिलांच्या फोनवर, आणि वडील कामावर. स्टोअरची खरेदी सुरू होते मुलाच्या फोनवर, मुलाच्या गुगल खात्यातून. मग संध्याकाळी दोन्ही फोन एकत्र येईपर्यंत थांबायचं, नाहीतर कुणाच्या तरी ओळखीच्या फोनवरून भरायचं.

बाहेरच्या लिंकचं तसं नाही. क्लासने वडिलांच्या व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली, त्यांनी जागेवर पिन टाकला, मुलाच्या नंबरवर लॉगिन सुरू झालं. लिंकवरचं पान मराठीत ठेवता येतं, रक्कम दोन हप्त्यांत घेता येते, भावा-बहिणींना सूट देता येते. आणि पालकांचा नंबर तुमच्याकडे राहतो.

पण मग फोनही तुमच्याकडेच येतो. “सर, पैसे कट झाल्यात की ओ, पण ॲप उघडंना.” व्यवहार मध्येच अडकला, पैसे गेटवेत थांबले, वडिलांनी नंबर चुकीचा टाकला, हे सगळं तुम्हाला सोडवावं लागतं. त्या फोनला उत्तर द्यायला माणूस नसेल तर बाहेरून पैसे घेऊ नका. मी हे मनापासून सांगतोय, कारण सीमाभागात क्लासचं नाव तोंडी चालतं आणि अडकलेल्या बाराशे रुपयांची चर्चा अख्ख्या गल्लीत होते.

खोट्या लिंकचा धोकाही खरा आहे. पालकांना एकदाच नीट सांगा: लिंक क्लासच्या या एका नंबरवरूनच येईल, आणि पैसे परत मिळवण्यासाठी कुणालाही पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

स्टोअर कुठे सरस

अग्निवीरच्या टेस्ट सीरिजचं गणित उलटं आहे. गिऱ्हाईक गडहिंग्लज, चंदगड, सांगली, कुठलंही. त्याने तुम्हाला पाहिलेलं नाही. महिन्याला ९९ रुपये द्यायचेत. तो अनोळखी वेबसाइटवर जाणार नाही, पण स्टोअरमध्ये बटण दाबेल. १५ टक्के म्हणजे १४ रुपये ८५ पैसे, आणि तो अनोळखी मुलगा तुमच्यावर विश्वास ठेवतो त्याची ती किंमत आहे. मला ती रास्त वाटते. पहिल्या ४८ तासांत त्याला गुगलकडेच परतावा मागता येतो, तुमची मनधरणी करावी लागत नाही.

दर महिन्याच्या वसुलीचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. यूपीआय ऑटोपेला पहिल्यांदा पिनने मंजुरी लागते, पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना येते, आणि ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणून वसुली थांबत नाही. ती स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमधून किंवा यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतून बंद करावी लागते. हे विद्यार्थ्यांना आधी सांगणारा क्लास मला प्रामाणिक वाटतो.

आयफोनबद्दल फार लिहीत नाही. स्टोअरवर ॲप टाकण्याच्या खात्यासाठी गुगलला एकदाच २५ डॉलर भरायचे, ॲपलला दर वर्षी ९९. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला थेट ऑनलाइन शिकवण्याची फी ॲपल बाहेरून घेऊ देतं. एकाच वेळी अनेकांना शिकवलंत तर स्टोअरचं पेमेंट लागतं. दहावीच्या मराठी माध्यमासाठी आयफोनचं ॲप सध्या काढूच नये, असं मला वाटतं. आयफोनवाले दोन-चार जण वेबसाइटवर व्हिडिओ बघू शकतात.

मी काय निवडेन

दहावीचं वार्षिक पॅकेज बाहेर: काउंटरवर किंवा वेबसाइटवर. टेस्ट सीरिजची मासिक फी स्टोअरमध्ये. दोन्ही पर्याय शेजारी ठेवण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. कमिशन चारऐवजी आठ-दहा टक्क्यांनी कमी झालं तर हे गणित बदलेल, म्हणून दर वर्षी जूनच्या आधी प्ले कन्सोलमधले (ॲपवाल्यांसाठीच्या गुगलच्या पानावरचे) चालू दर बघून हिशेब पुन्हा मांडा.

जीएसटीची नोंदणी असेल तर बाहेरच्या फॉर्ममध्ये राज्याचा रकाना ठेवाच. निपाणीच्या मुलाच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी येतो, शेजारच्या कागलच्या मुलाच्या बिलावर आयजीएसटी. एकूण कर तेवढाच, पण वर्षाअखेरी वेगळं करत बसायला नको.

पैसे बाहेर घेणार असाल तर ॲपमध्ये फक्त लॉगिनचं पान ठेवा. तिथे किंमत, क्यूआर किंवा “फीसाठी या नंबरवर संपर्क करा” अशी ओळ टाकू नका. बाहेर पैसे भरून ॲपमध्ये नुसतं बघणं प्ले स्टोअरच्या नियमात बसतं. ॲपच्या आतून बाहेरच्या पेमेंटकडे बोट दाखवलंत तर ऐन परीक्षेच्या तोंडावर ॲप अडकू शकतं. फीची माहिती वर्गात, पत्रकावर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर द्या.