स्तनाच्या कर्करोगावर उपचार: मुंबईला जावे की गावाजवळ घ्यावेत?

आशियातील स्त्रियांना हा आजार पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा कमी वयात, बहुधा पन्नाशीच्या आसपास गाठतो. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारी कार्यक्रमातून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी होते. भारतात मात्र २०२२ साली सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाल्याचा जागतिक अंदाज आहे. उशिरा झालेले निदान आणि अर्धवट सोडलेले उपचार ही त्यामागची मोठी कारणे आहेत. म्हणूनच कोकणातल्या घराने ‘मुंबई की इथेच?’ हा प्रश्न एकदाच न विचारता उपचाराच्या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्रपणे विचारावा, असे माझे मत आहे.

शस्त्रक्रियेसाठी अंतराचा विचार सर्वांत कमी करावा, कारण रुग्णालयातला मुक्काम मोजक्या दिवसांचा असतो आणि सर्जनचा अनुभव आयुष्यभर पुरतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात तो अनुभव आहे. गर्दी आणि प्रतीक्षाही आहे. सावंतवाडीहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस दादरला, म्हणजे परळच्या जवळच पोहोचते, आणि उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर व थर्ड एसी वर्गांत भाडे पूर्ण माफ असते.

केमोथेरपीचे गणित उलट आहे. साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ वेळा औषध द्यावे लागते, आणि मधल्या दिवसांत पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना अंगात ताप भरला, तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे लागते. देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या स्त्रीसाठी परळ तेव्हा उपयोगाचे नाही. चाकरमानी नातेवाइकांची एक खोली मायेची असली, तरी माणसांची दाटी या काळात संसर्गाला आमंत्रण देते. मुंबईच्या डॉक्टरांनी आखून दिलेली केमो सावर्ड्याजवळच्या डेरवण येथील वालावलकर रुग्णालयासारख्या, कर्करोग विभाग असलेल्या जवळच्या ठिकाणी घेता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

खरा पेच किरणोपचारांचा आहे. पूर्वी पाच आठवडे चालणारे हे उपचार आता बहुतेकींना तीन आठवड्यांत, आठवड्याला पाच दिवस असे पंधरा वेळा देतात. केवळ गाठ काढून स्तन वाचवला, तर किरणोपचार सहसा घ्यावेच लागतात. ते घेतले, तर आयुर्मान पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतकेच राहते, हे मिलान आणि अमेरिकेतील अभ्यासांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांतून दिसले आहे. तरीही राहण्याची सोय नाही एवढ्याच कारणाने स्तन काढून टाकायला होकार दिला जातो, याचे मला फार वाईट वाटते, कारण काखेतील गाठींत रोग पसरलेला असेल, तर त्यानंतरही अनेकींना किरणोपचार चुकत नाहीत. या उपचारांसाठी सिंधुदुर्गातून आंबोली किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूर जवळ पडते. उत्तरेकडच्या रायगडकरांना टाटाचेच खारघर येथील केंद्र परळपेक्षा सोयीचे आहे.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय बदलण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, पुढच्या टप्प्याच्या मंजुरीची खात्री करून घ्यावी. गावात तपासणीसाठी तुकडा काढला असेल, तर अहवालासोबत त्याचे मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्याही मागून घ्याव्यात, कारण गाठीतील संप्रेरक-ग्राहकांची आणि हर-टू या प्रथिनाची तपासणी त्यांवरच होते.