टवका उडालाय: किट वापरायचं की पूर्ण रीग्लेझिंग?

बाथटब किंवा बेसिनचा एखादाच टवका उडाला असेल तर सरळ दोन भागांचं इपॉक्सी किट (दोन घटक मिसळून भरायचा, नंतर कडक होणारा लेप) घ्या, पण आधी बघा खाली काय आहे, कारण इनॅमलच्या, म्हणजे वर काचेसारखा चकचकीत थर असलेल्या टबमध्ये आत लोखंड असतं आणि तिथे पाणी लागत राहिलं की गंज कडेने आत पसरत जातो, मग वरून कितीही भरा, ते सुटणारच. म्हणून गंज पूर्ण घासून काढायचा, जागा कोरडी करायची, पातळ थर द्यायचे, आणि किटवर लिहिलेला वेळ संपेपर्यंत पाणी अजिबात नाही. रंग शंभर टक्के जुळेल ही अपेक्षा नको, पांढऱ्यातही खूप छटा असतात.

रीग्लेझिंग म्हणजे सगळा पृष्ठभाग खरवडून वर नवीन कोटिंग स्प्रे करणं. दिसतं एकसारखं, पण वास आणि वाफा जबरदस्त, बंद बाथरूममध्ये खरंच धोकादायक, त्यामुळे हे स्वतः करू नका प्लीज. रीग्लेझिंगनंतर टब घासायला खरखरीत पावडरही बंद.

ॲक्रिलिकवर नुसते बारीक ओरखडे असतील तर दोन्ही नको, बारीक वॉटर पेपर आणि पॉलिशने भागतं. टवके जागोजागी असतील तरच रीग्लेझिंग.