ऐकून घेणारे ऑनलाइन समुपदेशन

२०१९ च्या महापुरानंतर कृष्णेचे पाणी वाढल्याची बातमी आली, की माझी झोप उडत असे. म्हणून सांगलीच्या घरातूनच मी ऑनलाइन समुपदेशनाची आठ सत्रे घेतली. समुपदेशक बाईंनी पहिल्या दोन सत्रांत एकही सल्ला न देता केवळ ऐकले आणि काय बदलायचे ते मलाच ठरवू दिले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या व्यक्तिकेंद्री पद्धतीचा हाच गाभा आहे. पुढे माझ्या संमतीने, भीतीच्या क्षणी येणारे विचार वहीत नोंदवून तपासण्याची बोधात्मक वर्तन उपचारातील रीत त्यांनी जोडली आणि सांगलीतील कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी तासातासाला पाहण्याची माझी सवय सुटली. भरल्या घरात एकांत मिळणे मात्र कठीण होते. पावसात नेटवर्क तुटल्यास वाया गेलेली मिनिटे पुढच्या सत्रात भरून मिळत.