पद्मिनीचे विजेचे जुने भाग नव्याने सील केले : पूर्ण पावसाळा वापरून झाल्यावर

माझी प्रीमियर पद्मिनी 1982 सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. गेल्या उन्हाळ्यात तिचे दिवे, वायपर मोटर, डायनॅमो (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारं यंत्र), फ्यूज बॉक्स असं सगळं उतरवलं, साफ केलं आणि नव्या पॅकिंगसह परत बसवलं. त्यानंतर गाडी पुण्यात रोज चालली आणि भर पावसात ताम्हिणी घाटातून माणगावपर्यंतही जाऊन आली. नवे भाग मिळत असताना जुन्यांवर एवढी मेहनत कशाला, असं बरेच जण विचारतात. मूळ भागांचं पितळ जाड आहे, ओतकाम भक्कम आहे. चाळीस वर्षांत खराब झालेत ते रबर, ग्रीस आणि जोड. तेवढंच बदलावं, असं माझं ठाम मत आहे.

सर्वात जास्त वेळ मागच्या दिव्यांनी घेतला. जुनी पॅकिंग कडक होऊन तुकडे पडत होते. त्यांच्या मापाने 3 मिलिमीटर जाडीच्या ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) शीटमधून नवी कापली. ट्यूबच्या रबराची पॅकिंग कापून देणारे भेटतात, पण साधं रबर उन्हात आणि हवेतल्या ओझोनने लवकर तडकतं. ईपीडीएम हे दोन्ही सोसतं.

पॅकिंगइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिव्याच्या तळाचं छोटं भोक, आणि ते बुजवायचं नाही. दिवा लागला की आतली हवा तापून बाहेर पडते; विझला की आतली हवा आकसते आणि बाहेरची ओलसर हवा कुठल्या तरी फटीतून आत शिरतेच. तळ बंद असेल तर ते पाणी रिफ्लेक्टरवरच बसून राहतं आणि त्याची चमक खातं. म्हणून वरून आणि बाजूंनी घट्ट, खालून मोकळं. या पद्धतीने पूर्ण पावसाळा दिवे कोरडे राहिले. ऑगस्टमध्ये एका इंडिकेटरच्या आत बाष्प दिसलं. उघडून पाहिलं तर पॅकिंग ठीक होतं, लाल-पिवळ्या आवरणालाच केसाएवढी चीर होती.

सिलिकॉनबद्दल कळकळीने सांगते. हार्डवेअरच्या दुकानातली जी ट्यूब लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, ती विजेच्या जोडाजवळ नेऊ नका. सुकताना तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते तांबं-पितळ खातं. माझ्या हेडलाइटच्या मागे पूर्वी कोणीतरी असंच सिलिकॉन भरलं होतं. ते खरवडल्यावर खाली हिरवीगार टर्मिनल निघाली. न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना ॲसिड न सोडणारं, असं लिहिलेलंच घ्यावं. सिलिकॉन ग्रीस बल्बच्या होल्डरमध्ये उत्तम काम करतं, पण जिथे ठिणगी पडते तिथे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) पॉइंट किंवा हॉर्नचे संपर्क, तिथे ते नको. ठिणगीच्या उष्णतेने त्याचा वीज न वाहणारा थर बनतो.

वायपर मोटरमधलं ग्रीस मेणासारखं झालं होतं. ते काढून लिथियम ग्रीस भरलं, कम्युटेटरच्या (ज्यावर कार्बन ब्रश घासतात तो तांब्याचा गोल भाग) खाचांमधली काजळी साफ केली, कार्बन ब्रश बदलले. झाकणाला कागदी गॅस्केट आणि कधीच कडक न होणारा सीलंट लावला, कारण ही मोटर पुन्हा उघडावी लागणारच. ताम्हिणीत धो धो पावसात वायपर न थांबता चालला आणि नंतर मोटरला हात लावला तर ती जेमतेम कोमट होती. या एका कामाने मला खरा आनंद दिला.

डायनॅमोला मात्र सील करण्याच्या फंदात पडू नये. त्याचा पंखा आतून हवा खेचतो आणि त्यावरच तो गार राहतो. नाना पेठेतून बेअरिंग आणि ब्रश आणले, आर्मेचरला (आतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) इन्सुलेटिंग वार्निश लावून घेतलं, बस. माझा डायनॅमो लुकास-टीव्हीएसचा आहे. तो बसवल्यावर, डी (वीज बाहेर देणारं टर्मिनल) आणि एफ (आतल्या चुंबकाच्या गुंडाळीचं टर्मिनल) यांच्या वायरी जोडण्याआधी, बॅटरीच्या जिवंत वायरचा एफ टर्मिनलला क्षणभर स्पर्श देऊन पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची दिशा, बसवून घ्यावी. तरीही सिग्नलवर उभं असताना दिवे आणि वायपर चालू असले की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो. कमी फेऱ्यांवर डायनॅमो पुरेशी वीज देत नाही, तो त्याचा स्वभावच आहे. साफसफाईने बदलणार नाही.

उजेडात सर्वात मोठा फरक पाडला अर्थिंगने, म्हणजे दिव्यातून वीज गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या जोडांनी, आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य. 45 वॅटचा बल्ब 12 व्होल्टला पावणेचार अँपिअर ओढतो. गंजलेल्या जोडांचा रोध अवघा पाव ओहम असला तरी जवळपास एक व्होल्ट वाटेतच जिरतो. बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या अर्थ टर्मिनलला लावून पाहावं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर जोड खराब. मी तिथला रंग घासून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घालून आवळलं आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. हे सगळे जोड अजून चकचकीत आहेत.

हेडलाइटच्या रिंगखालचं पॅकिंग एवढं समाधानकारक नाही. ते दबून पातळ झालंय आणि रिंग किंचित खडखडते. पुढच्या पावसाआधी तिथे 4 मिलिमीटरची शीट वापरून पाहणार आहे. ज्यांना हे काम घरी करायचंय, त्यांनी आधी मल्टिमीटर घेऊन अर्थिंगला हात घालावा, आणि जूनपूर्वी मागचे दिवे.