टोकन 'रिफंडेबल' असतं, अर्जाचं तिसरं पान नसतं

सॅम्पल फ्लॅट दाखवून झाला की चहा येतो आणि चहाबरोबर कॉस्ट शीट. "सर, आज टोकन दिलंत तरच हा रेट. सोमवारपासून फुटामागे दोनशे वाढतायत. आणि टोकन फुल्ली रिफंडेबल आहे, टेन्शनच घेऊ नका." बोलणारा मुलगा खोटं बोलतो असंही नाही, त्याला जे शिकवलंय ते तो बोलतो. पण हे बोलणं तोंडी राहतं आणि तुमची सही होते चार पानी अर्जावर. अर्जाच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात साधारण असं छापलेलं असतं: अर्जदाराने कोणत्याही कारणास्तव नोंदणी रद्द केल्यास सदनिकेच्या एकूण किमतीच्या १० टक्के रक्कम, दलाली, कर व प्रशासकीय खर्च वजा जाता उर्वरित रक्कम, सदर सदनिकेची अन्य ग्राहकास विक्री झाल्यानंतर, बिनव्याजी परत करण्यात येईल.

वाक्य एकच आहे, पण त्याला खिसे चार आहेत.

पहिला खिसा 'एकूण किमतीच्या' या दोन शब्दांचा. समजा ७२ लाखांचा फ्लॅट आहे आणि तुम्ही भरलेत पाच लाख. दहा टक्के मोजायचे ७२ लाखांवर, म्हणजे ७ लाख २० हजार. तुमचे पाच लाख तर गेलेच, वर कागदोपत्री तुम्हीच दोन लाख वीस हजार देणं लागता. 'तेवढे आम्ही सोडून देतो' असं मग उपकार केल्याच्या सुरात सांगितलं जातं. दुसरा खिसा दलालीचा. चॅनल पार्टनर, म्हणजे दलाल, बिल्डरने नेमलेला, त्याचं कमिशन बिल्डरने ठरवलेलं, आणि वसूल मात्र तुमच्याकडून. तिसरा खिसा 'प्रशासकीय खर्च', ज्याचा आकडा कुठेच नसतो. चौथा सगळ्यात खोल: 'अन्य ग्राहकास विक्री झाल्यानंतर'. तो ग्राहक कधी मिळाला, मिळाला की नाही, हे तुम्हाला कळायला मार्गच नाही. तुमचा फ्लॅट परत विकला जाऊन सहा महिने झाले तरी ऑफिसात 'सर, अजून इन्व्हेंटरी मूव्ह झाली नाही' हेच ऐकू येतं.

आता महाराष्ट्रात काय अपेक्षित आहे ते पाहू. महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, वाटपपत्राचा, म्हणजे अलॉटमेंट लेटरचा, एक आदर्श नमुना ठरवून दिला आहे. त्यात ग्राहकाने स्वतःहून बुकिंग रद्द केल्यास किती कापायचं याच्या पायऱ्या आहेत. वाटपपत्र दिल्याच्या तारखेपासून १५ दिवसांत रद्द केलं तर काहीही कापायचं नाही. १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, ६१व्या दिवसापासून २ टक्के. आपल्या ७२ लाखांच्या फ्लॅटला हे होतात ७२ हजार, १ लाख ८ हजार आणि १ लाख ४४ हजार. रद्द केल्याचं पत्र पोचल्यापासून ४५ दिवसांत उरलेली रक्कम द्यायची, नाही दिली तर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (बँकेच्या कर्जाचा आधारदर) २ टक्के अधिक या दराने व्याज. बिल्डरला नमुन्यात बदल करता येतो, पण केलेले बदल वेगळे दाखवून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर टाकावे लागतात. टोकन देण्याआधी ते पान उघडून वाटपपत्राचा आणि करारनाम्याचा मसुदा डाउनलोड करायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं फार थोडे लोक देतात.

फसवणुकीची खरी जागा मात्र टक्क्यांत नाही, तारखांत आहे. वरच्या पायऱ्या वाटपपत्राच्या तारखेपासून मोजतात. म्हणून काही ठिकाणी वाटपपत्र देतच नाहीत. पाच लाखांची पावती मिळते, अर्जाची झेरॉक्स मिळते, आणि रद्द करायला गेलात की उत्तर येतं, 'तुम्हाला अलॉटमेंट झालीच नव्हती, त्यामुळे अर्जातली अट लागू.' दुसरीकडे उलटा प्रकार. वाटपपत्र हातात येतं तेव्हा त्यावर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख असते आणि खाली 'मिळाले' म्हणून सही करायची असते. ती सही केलीत की पंधरा दिवसांची मुदत सुरू होण्याआधीच संपलेली असते. सही करताना शेजारी त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हाताने घाला आणि पानाचा फोटो काढा. वाटपपत्र देत नसतील तर 'पैसे भरून इतके दिवस झाले, वाटपपत्र मिळालेले नाही' असा मेल पाठवून ठेवा. पुढे भांडण झालं तर तो मेलच तुमचा साक्षीदार.

तिसरा प्रकार सगळ्यात गोड बोलून होतो. ग्राहक बाराव्या दिवशी फोन करतो, की कर्ज मंजूर होत नाहीये, रद्द करायचंय. समोरून: 'काही प्रॉब्लेम नाही सर, मी मॅनेजमेंटशी बोलतो, मेल वगैरे नका करू, उगाच प्रोसेस लांबते.' मग मॅनेजर रजेवर, मग क्लोजिंग चालू आहे, मग दुसऱ्या बँकेतून कर्ज काढून देतो. असं करत पंचेचाळिसावा दिवस उजाडतो. फोनवर रद्द केलेलं बुकिंग कागदावर जिवंतच असतं. इतकंच काय, मधल्या काळात एखादा स्लॅब पडला की पुढच्या हप्त्याचं डिमांड लेटर निघतं, ते भरलं नाही म्हणून थकबाकीवर व्याज लागतं, आणि शेवटी हिशेबात तुमच्या रद्द करण्याला 'ग्राहकाची कसूर' असं नाव मिळतं. तेव्हा ज्या दिवशी मनात पक्कं झालं त्याच दिवशी मेल, आणि त्याची छापील प्रत स्पीड पोस्टाने पोचपावतीसह. मजकूर चार ओळींचा पुरे:

'प्रकल्प अमुक, महारेरा नोंदणी क्रमांक अमुक, सदनिका क्रमांक अमुक. वाटपपत्र दिनांक अमुक. मी ही नोंदणी आज दिनांक अमुक पासून रद्द करत आहे. भरलेली रक्कम रु. अमुक नियमानुसार ४५ दिवसांत पुढील खात्यात जमा करावी. वजावट करणार असल्यास तिचा तपशील लेखी द्यावा.'

कारणांचा पाल्हाळ लावू नका. 'घरच्या अडचणीमुळे विनंती आहे की' असं लिहिलं की हक्काची मागणी विनंतीअर्ज होऊन बसते. मूळ पावत्या मात्र पैसे खात्यात येईपर्यंत देऊ नका. 'ओरिजिनल जमा केल्याशिवाय सिस्टिममध्ये रिक्वेस्ट पडत नाही' असं म्हणतील, तेव्हा साक्षांकित प्रती द्या. पावत्यांबरोबर एक 'ना हरकत' पत्र सरकवतात, त्यात 'माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही' अशी ओळ असते. पैसे हातात नसताना त्यावर सही केली तर पुढे तक्रारीत बिल्डरचा वकील सगळ्यात आधी तोच कागद पुढे करतो.

कर्ज नामंजूर होणं हे आपल्या दृष्टीने रास्त कारण, पण कागदावर लिहिलेलं नसेल तर ते तुमच्या स्वतःच्या मर्जीने रद्द करण्यातच धरलं जाऊ शकतं. म्हणून टोकन देतानाच अर्जावर हाताने एक ओळ घालून घ्यावी: 'गृहकर्ज नामंजूर झाल्यास संपूर्ण रक्कम विनावजावट परत.' खाली तुमची सही आणि कंपनीच्या शिक्क्यासह त्यांच्या माणसाची सही. तिसऱ्या पानावरची छापील अट खोडायला सांगितली तर 'फॉर्म स्टँडर्ड आहे' म्हणतात. हाताने ओळ घालायला मात्र विक्रीची घाई असते तेव्हा तयार होतात. मागायची वेळ तीच.

रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ७२ लाखांना ७ लाख २० हजार ही हद्द. 'करार नंतर करू, आत्ता वीस टक्के भरा, डिस्काउंट देतो' या बोलण्यात सगळ्यात जास्त पैसे अडकतात. करार नाही म्हणजे ताब्याची तारीखही कागदावर नाही. नोंदणी सक्तीची असलेल्या प्रकल्पाला महारेरा क्रमांकच नसेल तर बुकिंग घेणंच बेकायदा. 'एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट' किंवा 'प्री-लाँच' असं नाव दिल्याने ते कायदेशीर होत नाही. चेक कोणत्या नावाने मागतात तेही बघा. १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात प्रत्येक प्रकल्पाची तीन खाती ठरवून दिली आहेत आणि ग्राहकाचा पैसा त्यातल्या कलेक्शन खात्यातच यायला हवा. बिल्डरच्या भावाच्या नाहीतर दुसऱ्याच एखाद्या कंपनीच्या नावाने चेक मागितला तर पुढे 'हे पैसे आमच्याकडे आलेच नाहीत' हे वाक्य तयारच असतं.

करार नोंदवून झाल्यावर रद्द करायची वेळ आली तर खेळ बदलतो. तिथे वाटपपत्राच्या पायऱ्या संपतात आणि करारातलं कलम बोलतं. त्या कलमातही वाटेल ते चालत नाही. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुरुग्राममधल्या एका प्रकरणात मूळ किमतीच्या २० टक्के जप्त करण्याची अट एकतर्फी ठरवली आणि १० टक्क्यांचीच वजावट मान्य केली. हा निकाल व्हॉट्सॲपवर 'ग्राहकाचा विजय' म्हणून फिरतो, पण अर्धाच. त्या ग्राहकाने बाजारभाव पडल्यामुळे स्वतःहून माघार घेतली होती, म्हणून परतीच्या रकमेवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिलेलं व्याज न्यायालयाने काढून टाकलं. आणि दहा टक्के तर गेलेच.

बिल्डरने स्वतः करार रद्द केला असेल तर त्यालाही पद्धत आहे. राज्याच्या नमुना करारात तीन हप्ते थकल्यावर १५ दिवसांची लेखी नोटीस, त्यानंतर रद्द, आणि ३० दिवसांत ठरलेली भरपाई वजा करून परतावा, असा क्रम आहे. नोटीस न देता केलेल्या रद्दीकरणाविरुद्ध रेरा कायद्याच्या कलम ११(५) खाली महारेराकडे जाता येतं.

मोठी रक्कम रद्दनाम्यात हरवते. नोंदवलेला करार नोंदवलेल्या रद्दनाम्यानेच संपतो, त्यामुळे दोघांनाही दुय्यम निबंधकाकडे जावं लागतं. मसुदा बिल्डरचा वकील करतो आणि त्यात हमखास असतं: 'खरेदीदारास संपूर्ण रक्कम मिळाली असून त्याची कोणतीही तक्रार नाही.' प्रत्यक्षात पैसे 'आठ दिवसांत आरटीजीएस' होणार असतात. डिमांड ड्राफ्ट हातात घ्या, त्याचा क्रमांक, बँक, तारीख आणि रक्कम रद्दनाम्यात टाइप करून घ्या, मगच अंगठा लावा. पुढच्या तारखेचे चेक घेऊन नोंदणी करू नका. चेक परत आला तर खटला भरता येतो, पण फ्लॅटवरचा हक्क तोवर सोडलेला असतो.

मुद्रांक शुल्काचं बरेच जण विसरतात. पुण्यात ७ टक्क्यांनी ७२ लाखांना ५ लाख ४ हजार भरलेले असतात. ताबा घेण्यापूर्वी, करार झाल्यापासून पाच वर्षांच्या आत नोंदणीकृत रद्दनामा झाला आणि त्या नोंदणीपासून सहा महिन्यांत अर्ज केला, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे परतावा मागता येतो. एक दिवस उशीर झाला तरी अर्ज अडतो. ३० हजारांची नोंदणी फी मात्र येत नाही. 'झिरो स्टॅम्प ड्युटी' योजनेत फ्लॅट घेतला असेल तर मुद्रांक कुणी भरला यावरून वेगळाच वाद होतो, तो रद्दनाम्यातच मिटवून घ्या.

जीएसटीचं तसंच. पाच लाखांवर ५ टक्क्यांनी २५ हजार गेले असतील तर बिल्डरने क्रेडिट नोट काढून परत केलेल्या रकमेवरचा कर फिरवायला हवा. त्याची मुदत पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंत. ती उलटली असेल तर डिसेंबर २०२२च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहक स्वतः पॅनवर तात्पुरती नोंदणी घेऊन परतावा मागू शकतो, पण त्याला बिल्डरचं प्रमाणपत्र लागतं. सह्या झाल्यावर ते मागायला गेलात तर अकाउंट्सवाला फोन उचलत नाही. ५० लाख किंवा त्याहून महागड्या घरावर तुम्ही कापून भरलेला १ टक्का टीडीएसही बिल्डरच्या पॅनवर जमा असतो, म्हणजे तो त्याला मिळालेला पैसा आहे. हिशेबाच्या कागदावर तो 'प्राप्त रक्कम' मध्ये धरलाय ना ते पाहा. कर्जाचा हप्ता बँकेने बिल्डरला दिला असेल तर परतावा आधी बँकेकडे जातो. बँकेकडून त्या तारखेचं बाकी रकमेचं पत्र घेऊन ठेवा, कारण रोजचं व्याज तुमच्या नावावर चढत असतं.

तक्रार करायची तर रेरा कायद्याचं कलम नीट निवडा. ताबा लांबला म्हणून बाहेर पडत असाल तर कलम १८, व्याजासह पूर्ण परतावा, आणि वजावटीचा प्रश्नच नाही. जाहिरातीत दाखवलं एक आणि निघालं दुसरं, तर कलम १२. पण मन बदललं, नोकरी गेली, कर्ज मिळालं नाही, आणि प्रकल्प वेळेत चालू आहे, तर कलम १८ लावून काही हाती लागत नाही. तिथे वाटपपत्राच्या अटी आणि एकतर्फी कराराचा मुद्दा घ्यावा लागतो. महारेराची तक्रार 'नमुना अ' मध्ये ऑनलाइन, फी पाच हजार. ग्राहक आयोगातही जाता येतं: भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची.

आदेश मिळाला की काम झालं असं समजू नका. बिल्डरला अपील करायचं तर देय रक्कम व्याजासह आधी अपिली न्यायाधिकरणात भरावी लागते, हे तुमच्या फायद्याचं. त्याने अपीलही केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर महारेराकडून वसुली वॉरंट घ्यावं लागतं. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे पुढच्या फेऱ्या तहसील कार्यालयात. तिथे 'मिळकत कुठे आहे ते तुम्हीच शोधून आणा' असं ऐकावं लागू शकतं. म्हणून त्याच प्रकल्पातल्या न विकलेल्या फ्लॅटांची यादी महारेराच्या पानावरून छापून, सर्व्हे नंबरासह, पहिल्याच फेरीत सोबत न्या.