नऊ महिने टर्नटेबलसोबत: पिन कुठे अडकली, कुठे नाही

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. रेकॉर्डचा आवाज डिजिटलपेक्षा सरस असतो, असं नऊ महिन्यांनंतरही मला म्हणता येत नाही. आणि तरी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, विकून टाकावं असं एकदाही वाटलेलं नाही.

यंत्र साधंच आहे. बेल्ट ड्राइव्ह (मोटर पट्ट्याने तबकडी फिरवते), मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या थरथरीचा सिग्नल करणारा छोटा भाग), हाताने उचलून ठेवायचा टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा. बाजू संपली की आपोआप थांबत नाही. त्याचा प्रताप पुढे येईलच.

पहिला पंधरवडा निव्वळ मनस्तापात गेला. ड्रमचा प्रत्येक ठोका फाटलेला, गाणाऱ्याचा गळा बसलेला, खर्ज तर नुसता घुमत होता. मी रेकॉर्डला दोष दिला, सुईला दिला, यंत्राला तर रोज दिला. चूक माझीच निघाली. टर्नटेबलच्या आत फोनो प्री-अँप होता आणि तो चालू होता. वर मी वायर अँप्लिफायरच्या फोनो इनपुटलाच जोडली होती, जिथे आणखी एक फोनो प्री-अँप असतोच. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि टिपेचे आवाज उचलतात, नाहीतर खर्जाच्या लाटा इतकी जागा खातील की एका बाजूवर दोन-चार गाणीसुद्धा मावायची नाहीत. वाजवताना फोनो प्री-अँप हे गणित उलटं फिरवतो आणि सुईकडून आलेला काही मिलिव्होल्टचा सिग्नल मोठाही करतो. माझ्याकडे हे दोन्ही दोनदा होत होतं. टर्नटेबलच्या मागचं बटण सरकवून आतला प्री-अँप बंद केला आणि गाणं ओळखू यायला लागलं.

दुसरी भाबडी समजूत सुईच्या वजनाची. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड कमी झिजेल असं वाटून मी सांगितलेल्या २ ग्रॅमऐवजी अंदाजाने हलकाच ठेवला होता. प्रत्यक्षात हलकी सुई मोठ्या आवाजाच्या जागी खाचेत टिकत नाही, आदळते आणि भिंती खरवडते. छोटा वजनकाटा आणला आणि तो विषय संपला.

मग खरं ऐकणं सुरू झालं, आणि प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं मला खटकायला लागलं. ‘स’ आणि ‘श’ किरकिरतात, झांजा विस्कटतात. कारण अगदी शाळेतल्या भूमितीचं आहे. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. कडेला त्या वेळात सुईखालून जवळजवळ ९० सेंटिमीटर खाच जाते, लेबलाजवळ चाळीसही नाही. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबायचा म्हटल्यावर बारीक तपशील चुरगळणारच. कार्ट्रिजची दिशा नीट लावल्यावर त्रास बराच कमी झाला, पण गेला नाही. सीडीला किंवा फाइलला हे दुखणंच नाही. तिथे पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं सारखंच.

रेकॉर्डप्रेमी ज्याचं कौतुक करतात त्या ‘उबदार आवाजा’ची मात्र मला शहानिशा करायचीच होती. फोनो प्री-अँपमधून निघालेला सिग्नल मी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे साध्या सीडीच्या दर्जात मुद्रित केला. मग रेकॉर्ड आणि तिचंच मुद्रण एकाच वेळी लावलं, आवाज सारखा केला, मित्राला बटणाशी बसवलं आणि मी पाठ करून बसले. वीस वेळा ओळखायला सांगितलं, अकरा वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. म्हणजे ती ऊब, ती खरखर, तो किंचित गोलसर खर्ज सगळंच्या सगळं त्या बिचाऱ्या फाइलमध्ये उतरलं होतं. डिजिटलमध्ये आवाजाच्या ‘पायऱ्या’ होतात ही समजूत मी त्या दिवशी सोडली.

मग काही अल्बम रेकॉर्डवर खरंच बरे का वाटतात? माझ्याकडे एक जुनी एलपी आहे. स्ट्रीमिंगवर तिची नवी आवृत्ती मिळते. दोन्हींचे आलेख संगणकावर शेजारी ठेवले, तर नवी आवृत्ती सपाट विटेसारखी दिसली: हळू आवाज वर ओढलेले, मोठे छाटलेले. एलपीत मात्र ठोका ठोक्यासारखा उठतो. हा गुण प्लास्टिकचा नाही, मास्टरिंग करणाऱ्याच्या, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरवून मूळ प्रत (मास्टर) तयार करणाऱ्याच्या हाताचा आहे. म्हणून नवी रेकॉर्ड घेताना भुलून जाऊ नका. पुष्कळदा ती डिजिटल मास्टरवरूनच कापलेली असते.

एका नव्या रेकॉर्डने तर वीट आणला. मधलं भोक केसभर सरकलेलं होतं. पियानोचा लांब सूर दर फेऱ्याला वर-खाली डुलायचा, आणि एकदा ते कानात बसल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. बदलून मिळाली, पण दुसरी वाकडी निघाली.

एवढं सगळं असून मी रोज रात्री एक बाजू लावते. साधारण वीस-बावीस मिनिटं. फोनवर मी गाणी चाळते, अर्ध्यावर सोडते. रेकॉर्डवर पुढे जायचं तर उठावं लागतं, टोनआर्म उचलून गाण्यांमधली ती चकचकीत रेघ शोधावी लागते. आळस आडवा येतो आणि नावडतं गाणंही पूर्ण ऐकलं जातं. असं करत दोन नावडती गाणी आवडती झाली. एका रेकॉर्डवर माझ्याच हातून ओरखडा पडला. दुसऱ्या कडव्यात दर १.८ सेकंदांनी टक्, असं चौदा वेळा. आता तेच गाणं फोनवर लागलं तरी माझी पिन तिथे अडकते, मी त्या टक्ची वाट बघत बसते.

तो प्रताप राहिला. एकदा ऐकता ऐकता झोप लागली आणि सुई पहाटेपर्यंत शेवटच्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली. सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १,००० तास धरतात. त्यातले सहा तास मी फुकट घालवले. तेव्हापासून वहीत तास लिहून ठेवते. सध्या १४२ झालेत.

फिरताना, काम करताना, पाहुण्यांसमोर मी फाइलच लावते. ज्यांना फक्त चांगला आवाज हवाय त्यांनी टर्नटेबलचे पैसे स्पीकरमध्ये घालावेत. तरी घेणारच असाल, तर वजनकाटा आणि धुळीचा ब्रश सोबतच घ्या, रेकॉर्ड उभ्या ठेवा. आणि आवाज फाटला तर कुणाला शिव्या द्यायच्या आधी मागचं ते बटण बघा.