फळांतील ‘विष’ काढणारे यंत्र : माझी झालेली फसवणूक

रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला शहापुरातील आमच्या गल्लीत एक विक्रेता फळांवरील कीटकनाशके काढणारे यंत्र घेऊन आला होता. माझ्या नातवाला द्राक्षे फार आवडतात आणि फवारणीच्या धास्तीने मी ती त्याला मोजून देत असे, त्यामुळे मी पुढेच बसले. त्याने अथणीकडच्या द्राक्षांचा घड काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवला, चिमूटभर मीठ टाकले आणि यंत्राची दांडी बुडवून बटण दाबले. पाच मिनिटांत पाणी चहासारखे तांबूस झाले, वर गढूळ फेस आला. “हे विष लेकराच्या पोटात जातंय बघा, काकू,” असे तो म्हणाला आणि मी ४,८०० रुपये रोख दिले. मण्यांवरचा पांढरा थरही विषच, असे त्याने सांगितले. वास्तविक ते सालीवरचे नैसर्गिक मेण असते.

महिन्याभराने धाकट्या दिरांनी फळ न घालता नुसत्या मिठाच्या पाण्यात यंत्र चालवले, तेव्हाही पाणी तितकेच तांबूस झाले. दांडीतील लोखंडी पट्ट्या विजेने झिजतात, लोह पाण्यात उतरते आणि त्याचाच गंजासारखा गाळ दिसतो. मीठ असते ते पाण्यातून वीज सहज वाहावी म्हणून. फळावर उरलेले कीटकनाशक इतके अत्यल्प असते की त्याने पाण्याला असा रंग येत नाही. ते प्रयोगशाळेतच मोजावे लागते. महिनाभर मी नातवाची द्राक्षे त्या गंजाच्या पाण्यात बुडवत होते, याचे मला अजूनही वाईट वाटते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर दोन कीटकनाशके लावून पाहिले, तेव्हा लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर सालीवरचा अंश निघून गेला. सालीत मुरलेला भाग मात्र धुऊन निघाला नाही. आता मी दोन चहाचे चमचे सोडा वापरते आणि नंतर फळे वाहत्या पाण्याखाली धुते.

पावतीवर पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांक नव्हता आणि दिलेला फोन बंद आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची तरी विक्रेत्याचे नाव-पत्ता हाताशी हवा, म्हणून पक्की पावती हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या शब्दावर गल्लीतील दोघींनी हेच यंत्र घेतले होते; त्यांच्या घरी जाऊन मी बिनफळाच्या पाण्यात ते चालवून दाखवले आहे. तुमच्या दारी असा कोणी आला, तर त्याला आधी तेवढेच करायला सांगा.